बिनबियांच्या पेरूची चव

स्वारगेटला आमच्या यांना कोणी विचारलं, "पेरू गोड आहे का हो?" तर हे म्हणायचे, "नसता तर गाडीवर असता का?" संपलं. उभा जन्म हातगाडीवर गेला, पण गिऱ्हाइकाशी गोड बोलणं शमशुद्दीनमियांना जमलं नाही. गोड काय तो पेरू. रोज सकाळी प्रत्येक पाटीतला एक पेरू हे स्वतः चाखायचे आणि मगच ती पाटी गाडीवर चढायची. न चाखता विकणं म्हणजे यांच्या मते शुद्ध फसवणूक. चाखून उरलेला पेरू बिबवेवाडीला घरी यायचा आणि तो मी संपवायचे. फेकायचा कशाला?

मग यांचे दात गेले आणि कवळी आली. पेरूची बी कवळीखाली शिरली की माणूस कसा नाचतो, ते मी पाहिलंय. मी हसले, तर चार दिवस अबोला.

"मी चाखते की," मी म्हटलं.

"तू?" हे म्हणाले. "सालनाच्या रश्शात मीठ पडलंय की नाही, ते तुला कळत नाही."

घ्या! तीस वर्षं तेच सालन बोटं चाटून खाल्लं, तेव्हा नाही आठवलं! पण यांचं ठरलं होतं. चाखता येत नाही तर विकायचंही नाही, हा हंगाम संपला की गाडी बंद. या माणसाला घरी बसवलं तर तो वर्षभरात खचणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तोवर माझं डोकं खाणार, ते वेगळंच.

आमची लेक जरीना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. हडपसरला गेनबांची पेरूची बाग आहे, यांचा माल तिथूनच येतो. त्या बागेच्या कडेला जरीनानं फार वर्षांपूर्वी पेरूची रोपं लावली होती. इवल्याशा कोंबावर ती औषधाचे थेंब टाकत बसायची. कळलावीच्या वेलीत असतं ना, तेच औषध. बरीच रोपं मेली. जगली त्यातलंही एक वाकडंतिकडं, जाड पानांचं, वाढायचं नावच घेईना.

"हे काय रोगट लावलंयस?" मी विचारलं होतं.

"अम्मी, रोगट नाही ते. दोन भाऊ वेगळे निघणार म्हणून घरातली सगळी भांडी दुप्पट आणली आणि ऐन वेळी वाटणीच मोडली, तर?"

"तर एका घरात दोन-दोन तवे."

"तसंच झालंय. पेशीची वाटणी होणार होती, आतला वारसा दुप्पट झाला आणि औषधानं वाटणी थांबवली. आता एक तवा रोजच्या भाकरीला. दुसरा मोकळाच, त्याच्यावर झाड नवं काहीतरी करून बघतं. हजारो वर्षांत झाडांनी असंच किती काय मिळवलंय. आपल्या चपातीच्या गव्हात तर तीन गवतांचे संसार एकत्र नांदतात."

मी त्या दिवशी कणीक मळताना हात थांबवून परातीकडे बघत राहिले. खोटं कशाला सांगू?

आणि ते रोगट झाड! ज्या उन्हाळ्यात गेनबांची विहीर आटली, त्यात शेजारची रोपं माना टाकून बसली आणि हा गडी मात्र हिरवागार उभा. "वहिनी, ह्येची पानं म्हशीच्या कानावानी जाड हायती, पानी लवकर सुटत न्हाई त्यातनं," गेनबा म्हणाले. मी मनातल्या मनात त्या झाडाची माफी मागितली. पुढे जरीनानं त्याचा साध्या पेरूशी संकर केला आणि त्याचं बी लावलं. त्या बियांतून आलेल्या झाडाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं. "अब्बांना घेऊन ये," तिनं निरोप धाडला.

हे कुरकुरत आले. झाडाला मोजकेच पेरू, तेही वेडेवाकडे, मुठीसारखे.

"हे विकायचे?" यांनी विचारलं.

"विकायचे नाहीत, अब्बा. खायचे. यात बी नाही."

"बी नाही म्हणजे?"

"साध्या झाडात वारशाचे दोन संच, त्या जाड पानवाल्यात चार. त्यांच्या या लेकरात आले तीन. तिघींची फुगडी कशी होणार? एक उरतेच. जोड्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. केळ्याचंही तेच आहे."

यांनी खिशातून सुरी काढली. पेरू कापताना सुरी बियांवरून करकरते, ती करकर माझ्या कानांत तीस वर्षं बसलेली. या वेळी सुरी आरपार गेली आणि आवाजच नाही. हे सुरीकडेच बघत राहिले. मग फोड तोंडात घातली. आधी भीत भीत, मग डोळे मिटून. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मीही एक फोड उचलली.

"कसाय, अब्बा?"

हे आपले फोड चघळतायत. मला कुठला दम निघतोय! "देठाकडे गोड आहे, बुडाला जरा पाणचट. आणि सालीपाशी किंचित तुरट," मी म्हणून टाकलं.

यांचं तोंड चालायचं थांबलं. यांनी दुसरा पेरू तोडला, कापला, स्वतः खाल्ला आणि एक फोड माझ्यापुढे धरली.

"हा एक दिवस आधी तोडला," मी म्हटलं. "उद्या बरोब्बर झाला असता."

"हं," हे म्हणाले.

तीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेला पहिला "हं"! बियांच्या पेरूवर हे माझी परीक्षा घेणार कशी, स्वतःलाच तो खाता येत नव्हता ना! माझ्या लेकीनं एवढी वर्षं राबून असं फळ केलं, की दोघांनी एकच पेरू खाऊन बघावा. तिला मी तिथंच, गेनबांसमोर, घट्ट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला गाडीपाशी यांनी पहिल्या पाटीतला नेहमीचा, बियांचा पेरू कापला आणि फोड माझ्या हातात दिली. मी चाखली, मान हलवली. पाटी वर चढली.

पहिलंच गिऱ्हाईक आलं. "पेरू गोड आहे का हो?"

यांनी अंगठ्यानं माझ्याकडे खूण केली. "हिला विचारा."

मी पदर सावरून पुढे झाले. गिऱ्हाईक थांबलेलं होतं.

"नसता तर गाडीवर असता का?" मी म्हटलं.