काचेच्या डोळ्यातली गाठ

बाबांच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाबा ओला कापूस आजाऱ्याच्या डोळ्यावर फिरवत, काळी गाठ काढून परातीत टाकत आणि गर्दी हात जोडी. मागच्या भिंतीला टेकून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बघत होत्या. असले बाबा त्यांनी ढिगाने पाहिले होते. आता रागही येत नसे, नुसतं अंग जड होई.

त्या आल्या होत्या पुढच्या रांगेतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी. हिच्या डोळ्यात कर्करोगाची गाठ. सोनोग्राफीवर रुंदी-जाडी मोजून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आकाराच्या चार वर्गांपैकी गाठ कशीबशी दुसऱ्या वर्गात आहे. मोठी झाली की वर्ग चढतो आणि रोग यकृतात पसरायचा धोका वाढतो. आत्ताच उपचार केले तर डोळाही वाचेल." घरी दीर म्हणाला, "वहिनी, बाबा न कापता काढतात." झालं! बाबांनी गाठ 'काढली' आणि बाई कित्येक महिने हॉस्पिटलकडे फिरकलीच नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी आपला एक जुना पेशंट, एक रंगारी, बाबांपुढे बसवला होता.

"कुठला डोळा, लेका?"

"उजवा. काही म्हणता काही दिसत नाही."

"दिसेल कसं? मूळ पार मेंदूत गेलंय! डॉक्टरांच्या यंत्राची काय बिशाद!" कापूस फिरला, गाठ पडली.

"सगळी निघाली ना, बाबा?"

"मुळासकट!"

रंगाऱ्याने पापणी ओढली आणि उजवा डोळा काढून तळहातावर ठेवला. "मग हाही ठेवा परातीत. काचेचा आहे. खरा याच आजारात गेला माझा, उशीर केला म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन कापूस उलगडला. आत काजळीत मळलेल्या मेणाच्या गोळ्या होत्या.

हॉस्पिटलात शिवणाऱ्या बाईची गाठ पुन्हा मोजली. तिसरा वर्ग.

"म्हणजे पसरला?" दिराने घाबरून विचारलं.

"यकृतात आज काही दिसत नाही. पण धोका वाढलाय आणि डोळा वाचेलच असं आता सांगवत नाही."

दिराला रडू फुटलं. "पण गाठ निघताना मी स्वतः पाहिली हो!"

"बाहेर काय पडलं ते पाहिलंत, भाऊ. आत काय उरलं ते कुणी मोजलं? कुणी चमत्कार दाखवला तर आधी मोजा, नंतर मोजा. मग हवे तेवढे हात जोडा." डॉक्टरीणबाईंचा आवाज थकला होता. विजय झाल्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

"लोकांची मापं घेण्यात जन्म गेला माझा," शिवणारी बाई हळूच म्हणाली, "आणि एका मेणाच्या गोळीवर भरवसा ठेवून बसले. लिहा बाई, उद्याच दाखल होते."