दिसलं तर चुकलं

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी इस्पितळात व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. कामावर जाताना रस्त्यातच तिचं हृदय बंद पडलं. आमची भिंगरी आत गादीवर आडवी होती. एरवी लेकीला आईच आणायची. त्या दिवशी तिला रजा मिळाली नाही, म्हणून मी आलो होतो.

भिंगरीच्या पाठीच्या कण्यातली गाठ काढली होती. पायांत जोर आला, पण लघवी धरता येईना. ती धरणारे खालचे स्नायू रोज आवळून, सोडून बळकट करायचे होते. कपडे कोरडे राहिल्याशिवाय शाळेत पाऊल टाकणार नाही, असं भिंगरीनं सांगून टाकलं होतं.

घरी हा व्यायाम मायलेकी दार लावून करायच्या. आता मीच उरलो. मी शेजारी बसून "आवळ, आवळ!" म्हणायचो आणि पोरगी लालबुंद व्हायची. मला वाटायचं, काय मेहनत घेतेय! कपडे मात्र जास्तच ओले होऊ लागले.

पुढच्या खेपेला इस्पितळात व्यायामाच्या बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला.

"अहो, ही श्वास कोंडतेय. वरून दाब आला की खालचं सुटणारच. बंद पडलेली गाडी ढकलायला लावलीय का तिला?"

मी भिंगरीला विचारलं, "आई कसं सांगायची गं?"

"ते आमचं दोघींचं आहे."

"बरं, मी बाहेर जातो."

"थांब. पण हसायचं नाही हं." ती हळूच म्हणाली, "असं समजायचं, वर्गात पाद आलाय आणि बाई अगदी समोर उभ्या आहेत."

आधी व्यायामाच्या बाईच हसल्या. "आईनं बरोबर शिकवलंय. आतून धरायचं, वर श्वास चालू, चेहरा साधा. दिसलं तर चुकलं!"

तेव्हापासून आम्ही दोघं समोरासमोर बसून करतो. परीक्षक तीच.

"बाबा, भुवया वर गेल्या. नापास."

"अगं, या वयात एवढं चालतं."

"आई कधी नापास व्हायची नाही."

"ती कशातच व्हायची नाही."

तिनं माझ्या भुवया बोटानं खाली केल्या. मग म्हणाली, "चल, परत. आधी श्वास सोड."

आडवं असताना आता तिला धरता येतं. बसल्यावरही बरेचदा जमतं. खोकला आला, हसू आलं की लघवी सुटते. उभ्यानं धरणं अजून जमलेलं नाही. तिची शाळा अजून सुरू झालेली नाही.