टपावरच्या दोन सायकली

गाडीच्या टपावर दोन आडवे बार बसवायला माणसाला किती दिवस लागावेत? गोव्यातल्या सुर्ल्याच्या सगुणला दीड महिना लागला. आणि हा माणूस कोण, तर तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवलेला, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा. टायर घ्यायचा तर दुकानात शिरून बोट दाखवायचा आणि पाच मिनिटांत बाहेर. पण या बारांपाशी त्याचं घोडं अडलं ते अडलंच.

का अडलं ते सांगतो. पण आधी सायकलींचं ऐका.

खाणी बंद पडल्या त्या वर्षी सगुणचा ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. त्याच वर्षी त्याची बायको शांता गेली. घरात उरले बाप आणि कॉलेजात जाणारी तनया. समोरासमोर बसून रडणं दोघांनाही जमेना. मग तनयानेच हट्ट करून दोन सायकली आणवल्या. एरवी त्या रस्त्यावर ट्रकांची अशी रांग, की कुत्रंसुद्धा जीव मुठीत धरून ओलांडायचं. आता तिथे चिटपाखरू नव्हतं. बापलेक रोज सकाळी मयेच्या तळ्यापर्यंत जायची आणि येताना पाव भाजणाऱ्या पोदेराकडचे गरम उंडे घेऊन यायची. शांताचं नाव कधी निघालं नाही. पण चढणीवर तनया मागे पडली की सगुण एक पाय जमिनीला टेकून थांबायचा. ती आली की पुढे निघायचा. तेवढ्यावर दोघांचं भागायचं.

यंदा मे महिन्यात तनयाचं लग्न झालं. सासर पेडण्यातल्या केरीला, तेरेखोलची फेरीबोट सुटते त्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. जावई श्रीनाथ बँकेत, सासू कमलाक्षीबाई. माणसं भली. सायकल मात्र माहेरीच राहिली, कारण नव्या नवरीने सायकल घेऊन सासरी कसं जायचं? त्यात खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि रस्ता पुन्हा ट्रकांचा झाला. सगुणचा ट्रक मात्र आता चालण्याजोगा राहिला नव्हता. सगुण एकटाच दोनदा सायकल काढून गेला. दुसऱ्या खेपेला ज्या ट्रकने त्याला गटारात उतरवलं, त्याचा ड्रायव्हर निघाला जुना सोबती शंभू. "अरे सगुण, मराक इलंस काय रे?" खिडकीतून डोकं काढून तो ओरडला. सगुणला राग आला तो शंभूचा नव्हे. आपणही तीस वर्षं असंच ओरडत आलो, हे आठवलं म्हणून.

मग त्याच्या डोक्यात बसलं की दोन्ही सायकली गाडीवर घालाव्या, केरीला न्याव्या, तनयाला सोबत घेऊन फेरीबोटीने पलीकडे जावं आणि तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंतची चढण मारावी. एकदाच. त्यापलीकडे त्याला काही नको होतं. लेकीच्या घरी बापाने उगाच उठून जायचं नसतं, आमच्याकडे ते बरं दिसत नाही. गणेशचवथीला गेला होता तो ओझं घेऊन. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला नेवऱ्या, लाडू, फळं असं ओझं लेकीच्या सासरी पोचतं, आणि ते आईने केलेलं असतं. इथे आई कुठली! सगुणने सगळं म्हापशाच्या बाजारातून विकत आणलं. कमलाक्षीबाई काही बोलल्या नाहीत, पण न बोललेलंही माणसाला कळतं. सायकलीचं तसं नव्हतं. लेकीची वस्तू लेकीला पोचवायला बाप गेला तर नाव कोण ठेवणार?

आता फोनचं. रोज संध्याकाळी साडेसातला तनयाचा फोन यायचा, आणि पहिले काही महिने तो फोन म्हणजे निव्वळ शिक्षा. "जेवण केलंस?" "केलं." "गोळी घेतलीस?" "घेतली." "बरं, ठेवते हां." झालं! पुढची सारी संध्याकाळ सगुण मेजावरच्या फोनकडे बघत बसायचा आणि आपण काहीच कसं बोललो नाही, म्हणून स्वतःवरच चरफडायचा.

तो बार बघायला म्हापशाच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात गेला आणि हे सगळं बदललं. दुकानात मालकाची मुलगी होती, समीक्षा. बोलायला फटकळ, कामात चोख. तिने त्याच्या छोट्या गाडीभोवती एक चक्कर मारली.

"काका, टपाला रेलिंग नाही. दारांच्या चौकटीत अडकणारे क्लॅम्पवाले बार लागतील, आणि क्लॅम्प याच मॉडेलचे. चौकोनी लोखंडी देऊ की चपटे अल्युमिनियमचे? लोखंडी दणकट, पण वेगात शिटी मारतात."

"वजन किती झेपेल?"

"तुमच्या टपाला पन्नास किलो. बार, कॅरियर, सायकली, सगळं धरून."

"पन्नास किलो? अगो बाय, दहा टनाच्या ट्रकात पंधरा टन घालून मी जेटीवर नेलेत!"

"तरीच रस्त्यांची ही दशा," ती हसून म्हणाली. "सायकली किती?"

"दोन," सगुण म्हणाला, आणि इतक्या दिवसांनी तो आकडा तोंडातून निघाला म्हणून त्याला उगाचच बरं वाटलं.

त्या संध्याकाळी तो तनयाशी वीस मिनिटं बोलला. वीस! लोखंड की अल्युमिनियम, शिटी वाजते म्हणजे नेमकं काय होतं, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विषय, पुढचं चाक काढून सायकल लावायची की चाकासकट. तिसऱ्या दिवशी, बारांना कुलूप हवं की नको. मग सगुणच्या लक्षात आलं की बार एकदा घेतले की हे बोलणं संपलं. म्हणून त्याने घेतलेच नाहीत. दर शुक्रवारी बाजाराच्या निमित्ताने दुकानात जायचा, नवी शंका काढायचा आणि ती जपून घरी आणायचा. समीक्षा एकदा वैतागून म्हणालीच, "काका, घेणार आहात की नुसते पाहुणे म्हणून येता?"

"घाई कसली गो?" सगुण म्हणाला.

एकदा फोनवर तनया म्हणाली, "बाबा, तुला एक सांगायचं होतं."

"थांब, आधी हे ऐक. दोन सायकली शेजारी उभ्या केल्या की हँडलला हँडल लागतं. म्हणून एकीचं तोंड पुढे करायचं, दुसरीचं मागे. तुझी मागे तोंड करून ठेवू? चालेल ना?"

"चालेल, बाबा."

असं तीनदा झालं. तीनदा तिने सुरुवात केली आणि तीनदा याने मध्ये बार घातले. आता मी म्हणेन, अरे शहाण्या, लेक काय म्हणते ते विचार तरी! पण सगुणने विचारलं नाही. 'नको येऊस' असंच काहीतरी ती म्हणेल, अशी त्याला भीती होती. बोलत राहिलं की ते ऐकावं लागत नव्हतं.

डिसेंबर लागला तशा त्याच्या शंका संपल्या. अल्युमिनियमचे बार आले, दोन कॅरियर आले. रविवारी सकाळी त्याने सायकली चढवल्या, तनयाच्या सायकलीला नवी घंटा बसवली, आणि कॅरियरचे पट्टे आवळल्यावरही वर काथ्याच्या दोरीची ट्रकवाल्याची गाठ मारली, कारण पट्ट्यांवर विश्वास ठेवणारा तो नव्हे. मग अस्नोड्याहून, म्हापशाहून, पेडण्यातून, चाळीसच्या वर काटा न जाऊ देता तो केरीला पोचला.

सायकलींच्या उंचीमुळे गाडी फाटकाच्या कमानीखालून जाईना. ती रस्त्यावरच राहिली, आणि शेजारपाजारचे बघायला जमले. कमलाक्षीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सगुणबाब, या, या! आणि हे काय आणलंत?"

"तनयाची सायकल. म्हटलं, आज जरा तेरेखोलला फिरवून आणतो तिला."

कमलाक्षीबाईंचा चेहराच बदलला. "सायकलवर? या दिवसांत?"

सगुणला काही कळेना. त्याने श्रीनाथकडे बघितलं. श्रीनाथ चपलांकडे बघत राहिला. तनया दारात उभी होती, आणि तिचा हात पोटावर होता.

"म्हणजे तुमच्या कानावर नाही?" कमलाक्षीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चवथा महिना लागला तिला, सगुणबाब."

अहो, अशी बातमी विहिणीकडून विहिणीकडे जाते. सोबत गोडाचा डबा जातो, आणि मग रात्री जेवताना बायको नवऱ्याला सांगते. बापाला थेट कोण सांगणार? कमलाक्षीबाईंना वाटलं, लेक सांगेल. लेकीने आईला सांगितलं असतं. आईच नव्हती.

"तीनदा सांगायला गेले, बाबा," तनया म्हणाली.

सगुण हसला. पेढा खाल्ला, जावयाची पाठ थोपटली, दुपारी पोटभर जेवला, आणि कमलाक्षीबाईंनी "सायकल ठेवून जा" म्हटलं तेव्हा "नको, इथल्या खाऱ्या वाऱ्याने गंजेल" असं म्हणून दोन्ही सायकली तशाच परत घेऊन निघाला. पेडण्याच्या माळावर उन्हं तिरकी झाली होती. गाडीच्या बाजूने रस्त्यावर दोन सायकलींची सावली धावत होती. सगुणच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याने ते पुसलं नाही, गाडीत होतं कोण बघायला! लेक आई होणार याचा आनंद होता, खोटं कशाला बोला. पण ही गोष्ट शेजाऱ्यांसमोर, रस्त्यावर, सर्वांत शेवटी आपल्याला कळली, आणि दोष आपलाच, हे काही केल्या गिळवेना.

घरी पोचून त्याने सायकली उतरवल्या नाहीत. दिवा लावला आणि मेजापाशी बसला. साडेसातला फोन वाजला.

"पोचलास?"

"पोचलो."

"बार नीट राहिले?"

बारांवर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. चपटे असूनही शिटी वाजलीच होती, डावा क्लॅम्प एक पेर सरकला होता. सगळं जिभेवर आलं होतं. सगुणने ते मागे सारलं.

"बार राहू दे. तू काय सांगणार होतीस ते सांग."

"आता काय सांगू? कळलं ना तुला."

"विहीणबाईंनी सांगितलं. तू कुठे सांगितलंस?"

"बाबा," तनया म्हणाली, "मला मूल होणार आहे." आणि मग तिचा आवाज फुटला. "आई असती तर तिला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं रे."

इतक्या वर्षांत त्या दोघांमध्ये शांताचा विषय पहिल्यांदाच निघाला होता. तनया रडत होती, आणि फोन कानाशी धरून, चढणीवर थांबायचा तसा, ती येईपर्यंत सगुण थांबून राहिला.