रागावून निघून जायची सोय

"सर, मॅडमना हे चालेल का?" ट्रॅव्हल एजन्सीतल्या बाईंनी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

मला या शब्दाची सवय आहे. लोक सहज 'चालेल का' विचारतात, मग त्यांचं लक्ष माझ्या व्हीलचेअरकडे जातं आणि तोंड एवढंसं होतं. जणू काही मी एका क्रियापदावरून भोकाड पसरणार आहे! मला राग त्या शब्दाचा आलाच नव्हता. राग आला तो 'सर'चा. हनिमून माझा, बेटं धुंडाळून डोळे फोडले मी, आणि विचारायचं सरांना.

"चालेल काय, धावेल," मी म्हटलं. "फक्त मला विचारा. मी इथेच बसलेय. बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

सर म्हणजे माझा होणारा नवरा. पोहायला शिकवतो, खांदे हे एवढे, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव पाणघोडा. मी दात घडवते, म्हणजे डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचे. या पठ्ठ्यानं तलावाच्या काठावर आपटून पुढचा दात घालवला आणि नवा दात माझ्या टेबलावर तयार झाला. तो नीट बसलाय का, हे दाखवायला स्वारी स्वतः लॅबमध्ये आली. मग पुन्हा आली. मग येतच राहिली. दात पहिल्याच दिवशी झकास बसला होता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तर लग्न तोंडावर आलेलं आणि भूमध्य समुद्रातल्या बेटावर जायचं हे माझं शाळेपासूनचं खूळ. बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. त्यांच्याकडे दोन प्रकारच्या खोल्या होत्या. पहिल्या प्रकारात नुसता स्वर्ग. कड्याला चिकटलेली पांढरी घरं, डोंगरात कोरलेली गुहेसारखी खोली, बाहेर एवढीशी गच्ची आणि खाली निळंशार पाणी. तिथे पोचायला पायऱ्या, पायऱ्या आणि नुसत्या पायऱ्या. दुसरा प्रकार 'तुमच्या सोयीचा'. तळमजला, मागची बाजू, खिडकीतून दिसणार गाड्यांचं पार्किंग. भिंतीला हॉस्पिटलसारखे दांडे आणि दोन वेगवेगळे पलंग.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक मॅडमचा, एक मदतनीसाचा."

"मला मदत हवी आहे ती एकाच पलंगावर," मी म्हटलं.

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाणघोडा खाली मान घालून हसत होता. मग त्यानं एकदम त्या गुहेच्या खोलीवर बोट ठेवलं. "हीच घेऊ. मी हिला उचलून नेईन."

"अय्या, किती रोमँटिक!" बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नको," म्हटलं, खुर्ची गर्रकन वळवली आणि तडक दाराशी गेले. आणि थांबले. एजन्सीच्या दाराला बाहेर दोन पायऱ्या होत्या. आपण तणतणत निघायचं आणि ज्याच्यावर चिडलो त्यालाच म्हणायचं, "जरा उतरव रे." यासारखी नामुष्की नाही. त्यानं मुकाट्यानं उतरवलं.

फुटपाथवर मात्र मी त्याला सोडलं नाही.

"मी नऊ वर्षांची असल्यापासून लोक मला उचलताहेत. शाळेत शिपाई, घरी दादा, सिनेमाला तर ओळख ना पाळख असली माणसं. पोत्यासारखी उचलतात आणि वर पुण्य पदरात पाडून घेतात. हनिमूनलाही तेच?"

"मी आणि ते सारखेच का?" त्याचा चेहरा पडला.

"नाहीस. म्हणून तर सांगतेय. समज, नेलंस मला त्या गुहेत. दुसऱ्या दिवशी आपलं भांडण झालं. मग मी कुठे जाऊ? तुलाच हाक मारू? अहो, मी रागावून निघालेय, तेवढं खालपर्यंत सोडता का?"

त्याला हसू आलं. मला आलं नाही.

"हसू नकोस. आमच्या घरात भांडण झालं की दादा तरातरा बाहेर जातो, आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते. मी तिथेच. मी आजवर कधी कुणाला सोडून गेलेच नाही, बाकीचेच जातात. मला समुद्र हवाय, एक पलंग हवाय, तू हवायस. आणि जिथून मला माझी मी निघून जाता येईल असं दार हवंय. ते नसेल तर त्या खोलीला काय चाटायचंय?"

त्यानं एजन्सीच्या त्या दोन पायऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मग मी कशाला आहे?"

खरं सांगते, त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तरी मी माघार घेतली नाही. "नवरा म्हणून आहेस," म्हटलं. "क्रेन म्हणून नाहीस."

घरी आईनं वेगळाच सूर लावला. "दादाला बरोबर घेऊन जा. शेजारच्या खोलीत राहील बिचारा. परका मुलूख, काही झालं म्हणजे?"

"आई, त्यांच्या हनिमूनला जाऊन मी काय दिवे लावू?" दादा ओरडला. आई पदरानं डोळे पुसायला लागली. तिचं चुकत नव्हतं हो. वीस वर्षं तिनं माझ्यासाठी रात्रीची झोप घालवलीय. पण म्हणून मी काय जन्मभर तिच्या डोळ्यांसमोर बसून राहू?

मग मी एजन्सीचा नाद सोडला आणि लॅबमध्ये डबा खाता खाता स्वतःच बेटांवर व्हिडिओ कॉल लावायला लागले. एकजण म्हणाला, "आमच्याकडे सगळी सोय आहे, फक्त तीन छोट्या पायऱ्या आहेत." दुसरा म्हणाला, "काळजी नको, आमची मुलं तुम्हाला उचलतील, सगळी तरणीबांड आहेत." तसं असेल तर नवरा घरीच ठेवून येते, असं अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी एका आडबाजूच्या बेटावर बंदरालगत चार खोल्या भाड्यानं देणारी एक म्हातारी सापडली. इंग्रजी तिचंही मोडकं, माझंही मोडकं. त्यामुळे आमचं फार छान जमलं.

"पायऱ्या?" ती म्हणाली. "माझेच गुडघे गेलेत, मी कशाला पायऱ्या ठेवू?"

दारं मोजायला तिला टेप सापडेना. मग तिनं माझ्या खुर्चीएवढीच रुंद, चादरी धुवायला न्यायची ढकलगाडी आणली, एका हातात फोन धरला आणि ती गाडी रस्त्यापासून खोलीपर्यंत ढकलत नेली. उंबरठा नाही, एकच मोठा पलंग, खिडकीत होड्या, जाळी, डिझेलचे पिंप आणि पलीकडे खराखुरा समुद्र. न्हाणीघराच्या दारात मात्र गाडी अडकली. म्हातारीनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हनिमून ना?"

"हो."

"मग दार हवंय कशाला? काढून टाकते. पडदा लावते."

मी तिथल्या तिथे खोली पक्की केली.

"एवढ्या लांब जाऊन बंदरात राहायचं?" पाणघोडा कुरकुरला. "खिडकीत डिझेलचे पिंप?" पण मी खोलीचं दार दाखवलं, दारापासून धक्क्याच्या टोकापर्यंत जाणारा सपाट रस्ता दाखवला. "बरं बाई, बंदर तर बंदर," म्हणाला. न्हाणीघराचं ऐकून आईनं कपाळावर हात मारला. पण दादाच्या तिकिटाचा विषय काही तिनं पुन्हा काढला नाही. एवढ्या लवकर कशी तयार झाली, याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं.

लग्न झालं, आम्ही गेलो. पहिले दिवस कसे गेले ते सांगणार नाही, तुम्हाला नसत्या चौकशा कशाला?

एका संध्याकाळी मी न्हाणीघरात होते आणि खोलीत पाणघोडा हळू आवाजात फोनवर बोलत होता. मध्ये नुसता पडदा. सगळं ऐकू येत होतं.

"हो आई, जेवली. हो, औषध घेतलं. नाही, नाही, खुर्चीचा ब्रेक मी रोज बघतो. मी आहे ना."

पडदा बाजूला करून मी बाहेर आले. "रोज करतोस?"

"आईंना शब्द दिला होता," तो चाचरत म्हणाला. "म्हणून तर त्यांनी दादाचा हट्ट सोडला. त्यांना काळजी वाटते गं."

"मी काय कुरिअर आहे, पोचलं म्हणून कळवायला? मला न विचारता?"

"आणि मला नाही वाटत काळजी? मी माणूस नाही का?" आता तोही चढला.

"कर ना काळजी, हवी तेवढी कर. पण माझ्या तोंडावर कर. तू माझा नवरा आहेस, आईचा खबऱ्या नाहीस!"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"नकोच बोलूस. मी निघाले."

"कुठे?"

"तुला काय करायचंय?"

मी दाराबाहेर आले आणि दार धाडकन ओढलं. पहिल्यांदा ते नीट आपटलं नाही. आजवर कधी आपटलेलंच नाही ना, हात बसलेला नव्हता. मी ते परत उघडलं. आत तो तोंड उघडं टाकून उभा होता. त्याच्याकडे न बघता मी ते पुन्हा आपटलं आणि या खेपेला अख्खी भिंत हादरली.

मग मी निघाले. म्हातारी दारात जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती, तिनं नुसती मान वर केली आणि परत खाली घातली. कुणी हात पुढे केला नाही, कुणी मागून ढकललं नाही. होड्यांच्या दोरांना वळसा घालून, मांजरांना हाकलत, दात-ओठ खात मी जात राहिले. हाताला फोड येतील असं वाटलं, तरी थांबले नाही. धक्का जिथे संपतो तिथे गेले, कारण त्यापुढे जाता येत नव्हतं. नाहीतर आणखी गेले असते.

तिन्ही बाजूंना पाणी. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी मागे टाकून आले होते आणि छाती आनंदानं नुसती धडधडत होती. राग तर वाटेतच कुठेतरी सांडला होता.

फोन वाजला. त्याचा निरोप होता. 'चुकलो. इथून दिसतेयस. येऊ का?'

'येऊ नकोस. मी अजून रागावलेय,' असं मी साफ खोटं लिहिलं आणि खुर्चीला ब्रेक लावून निवांत बसले.