बाहुली एवढी बारीक का

टकमकी हे नाव तिला आईनंच ठेवलेलं. पोरगी बाविशीला आली, ना धड शिकली, ना कुठल्या कामाला लागली. खिडकीत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे टकमक बघायची.

"बघ बघ," आई म्हणायची, "माझा एक खाल्लास, आता जगाचे खा."

चार वर्षांची असताना टकमकीच्या हातातली कात्री आईला लागली होती. तेव्हापासून आईच्या डाव्या डोळ्यावर काळी पट्टी.

दादाचं लग्न ठरलं. फोटोत पट्टी नको म्हणून दादा आईला खोटे डोळे बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेला. टकमकी शेपटासारखी मागे. म्हाताऱ्यानं खोबणीचं माप घेतलं, आईच्या उजव्या डोळ्याशी रंगाचे नमुने धरले. "तपकिरी."

"कडेला हिरवट आहे," टकमकी पुटपुटली. "आणि खाली मधाचा एक ठिपका."

म्हाताऱ्यानं भिंग लावलं. ठिपका होता.

"उद्यापासून कामाला ये," तो म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा तिला सकाळी कुणी उठवावं लागलं नाही. श्वास धरून, चार केसांच्या कुंचल्यानं आईचा डोळा तिनंच रंगवला.

"रंग बावनकशी," म्हातारा म्हणाला. "पण बाहुली एवढी बारीक का? टाचणीचं डोकं जणू."

"आईची एवढीच असते."

"तुझ्याकडे बघताना असेल. दुसऱ्याकडे बघते तेव्हा बघ, बाई."

दादा जेवायला बसला तेव्हा तिनं दाराआडून पाहिलं. आईची बाहुली उमलली होती, काळ्याभोर पाण्यासारखी. टकमकीनं नवा डोळा रंगवला.

लग्नाच्या आदल्या सकाळी आईनं तो बसवला. "यातला खोटा कुठला गं?" दादा हसला आणि बाहेर गेला. आई आरशासमोरून वळली. उजव्या डोळ्याची बाहुली टकमकीला पाहून नेहमीसारखी बारीक झाली. डावा मात्र मायेनं भरून तिच्याकडे बघतच राहिला. अठरा वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं. टकमकी त्या डोळ्याकडे बघत एक पाऊल पुढे सरकली.

आईला ते कळलं. तिनं डोळा काढून लेकीच्या तळहातावर ठेवला आणि पट्टी बांधली.

"फोटोपुरता घालीन. दादासमोर घालीन. तुझ्यासमोर पट्टीच. मी तुझ्याकडे असं बघत नाही."

टकमकीनं डोळा धुतला, पुसला, उजेडात धरला. नाकाकडच्या कोपऱ्यात एक लाल शीर कमी पडली होती. चपला पायात सरकवून ती कामावर निघाली. फोटोआधी ती शीर रंगवायलाच हवी होती.