ओळ बत्तीस, डोळा दोन

३२|नजमुन्निसा|नासेर||जवळा बाजार|६४|२|१

फाइलमधली ही ओळ. क्रमांक, नाव, वडील किंवा पती, आडनाव, गाव, वय, डोळा, साखर. डोळ्याच्या रकान्यात एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा. साखरेच्या रकान्यात एक म्हणजे मधुमेह आहे, दोन म्हणजे नाही. दोन रकान्यांच्या मध्ये उभी रेघ. अशा एकेचाळीस ओळी आणि एकेचाळीस माणसं. माणसं आमच्या नेत्रालयाच्या व्हरांड्यात बाकांवर बसलेली, मोतीबिंदू काढून घ्यायला आलेली.

नाव |

माझं अपर्णा. हिंगोलीच्या या नेत्रालयात कॉम्प्युटर मी बघते. फाइल वाचणारा प्रोग्रॅम बंडोपंत काकांनी पंचवीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिला. काका निवृत्त झाले, प्रोग्रॅम झाला नाही. यंदा मी त्याला एक शेपूट जोडलं: कपाळावर, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच बाजूच्या भुवईवर चिकटवायची पट्टी छापायचं. पट्टीवर तीनच गोष्टी. क्रमांक, नाव, डोळा.

पट्टी पाहून सिस्टर थेंब टाकतात, पट्टी पाहूनच भुवईवर शाईची खूण होते. अकरा वाजता डॉक्टर.

वडील/पती |

सव्वादहाला सुधा सिस्टर आल्या.

"अपर्णा, बत्तीस नंबरची खाला ऐकून नाही राहिली. पट्टीवर उजवा आहे, ती म्हणती डावा."

"मग डावाच असेल ना."

"असेल काय, असेल? एक थेंब टाकून बसले मी उजव्यात!"

मी व्हरांड्यात गेले. नजमुन्निसा खाला दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. जवळा बाजारात त्या शिवणकाम करतात, शर्टाला काज घालतात. हे त्यांनीच सांगितलं, न विचारता.

"डाव्यानं धुकं दिसतंय दोन साल झाले. उजव्यानं मी सुई ओवते. त्याला हात लावू नका म्हणलं, तर ही बाई बाटली घेऊन चढलीच माझ्यावर."

"खाला, आत्ता उजव्यानं कसं दिसतंय?"

त्यांनी डावा डोळा हातानं झाकला. माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ.

"आता तर यानं पण धुकंच," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला. "उजवाच असंल का मंग? तुमच्या मशीनला जास्ती कळत असंल, बेटा."

थेंबानं बाहुली मोठी होते, थोडा वेळ अंधुक दिसतं. ते मी सांगितलं. पण त्यांचा चेहरा तसाच. स्वतःचा कुठला डोळा अधू आहे हे दोन वर्षं माहीत असलेली बाई, आणि आम्ही ते तासाभरात विसरायला लावलं होतं.

"डॉक्टर बघतीलच की," मी म्हणाले.

सिस्टर म्हणाल्या, "बघतील. पण त्यांच्या हातात यादी कोणाची? तुझीच."

आडनाव |

गाव |

वरचा रकाना रिकामाच आहे. माझ्या प्रोग्रॅमला तो दिसला नव्हता.

ओळ तोडायला काकांनी सीमधलं स्ट्रटोक नावाचं फंक्शन वापरलं होतं. त्याला ओळ द्यायची आणि कुठं तोडायचं ते चिन्ह द्यायचं. ते पहिला तुकडा देतं. मग ओळ पुन्हा द्यायची नाही, नुसतं पुढचा, पुढचा म्हणायचं. आपण कुठवर आलो ते त्याचं त्याला आठवतं. गुणी आहे. पण दोन रेघा एकमेकींना लागून आल्या की ते त्यांना एकच रेघ धरतं. मधलं रिकामं त्याच्या लेखी नसतंच.

खालांना आडनाव नाही. म्हणून जवळा बाजार हे आडनाव झालं. चौसष्ट हे गाव झालं. वय दोन. आणि डोळ्याच्या जागी साखर येऊन बसली. साखर एक. एक म्हणजे उजवा.

आडनाव नसलेले अकरा जण निघाले. काहींचा डोळा आणि साखर सारखीच, त्यांच्या पट्ट्या नशिबानं बरोबर.

मी स्ट्रटोक काढलं. स्ट्रसेप घातलं, ते रिकाम्याला रिकामं म्हणून हातात देतं. सगळ्या पट्ट्या पुन्हा छापल्या. बत्तीस: डावा. दहा पस्तीस झाले होते. मला अगदी हलकं वाटलं.

वय |

पाच मिनिटं.

"ओ मॅडम!" भावसिंग काका, नंबर एकोणीस, हट्टा गावचे. कपाळावरची नवी पट्टी त्यांनी स्वतःच सोलून आणली होती. "सकाळी मी उजवा व्हतो. आता डावा काहून झालो?"

"तुमचा कोणता आहे काका?"

"उजवा! आमच्या गल्लीत कुत्र्यालाबी माहीत हाय."

मागून खाला म्हणाल्या, "त्यांचं उलटं झालं का? मंग माझं परत उजवं करता का काय?"

दुरुस्त केल्यावर एक सुधारलं, एक बिघडलं. मग सुधारलेलं तरी सुधारलंय का?

एकोणिसावी ओळ उघडली.

१९|भावसिंग|नेमसिंग||हट्टा|७०|-|१|२

ही आडवी रेघ कुठून आली?

डोळा |

फोन नाहिदला. शिबिराच्या गावात, जवळा बाजारात बसून माणसांची माहिती ती भरते.

"नाहिद, डोळ्याच्या आधी आडवी रेघ कोणी टाकली?"

"मी. काहून?"

"का टाकली?"

"अगं, आडनाव नसलं की बंडोपंत काकांची यादी तिरकी येती. मला सात साल झाले तकलीफ. मग मीच जुगाड केला. एक घर कमी पडतंय ना, म्हणून एक रेघ जास्तीची. डोळा बराबर जागेवर बसतो. हुशार न्हाई का मी?"

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तू कधी विचारलं? फाइल पाठव, लौकर पाठव, इतकंच तुझं."

खरं होतं. मी पाय सरळ केला होता, पण तिची कुबडी तशीच राहिली होती. रेघ डोळ्याच्या रकान्यात आली. एक असेल तर उजवा, नाहीतर डावा, असं मीच लिहिलं होतं. आडवी रेघ म्हणजे एक नाही. म्हणून डावा. प्रोग्रॅमनं क्षणभरही का-कू केली नाही.

"मग बत्तीसमध्ये रेघ का नाही?"

"बत्तीस... ती ओळ मदतीच्या पोरानं, पुष्करनं भरली, त्याला जुगाड कुठं माहीत. मी जेवायला गेलते."

"आडनाव नसलेल्या अकरा जणांचे कागद आहेत तुझ्याकडं? डॉक्टरांच्या सहीचे?"

"कपाटात. थांब." किल्ल्यांचा आवाज. एक कप ठेवल्याचा. मला तो कप फेकून द्यावासा वाटला. "हां. अकराच्या अकरा वाचू?"

"वाच."

तिनं वाचले. मी पेनानं लिहिले. एकोणीस, उजवा. बत्तीस, डावा.

"बराबर लिहिलं ना?" नाहिद म्हणाली. "परत म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं.

मग प्रोग्रॅममध्ये तिसरी वाट घातली: एक असेल तर उजवा, दोन असेल तर डावा, दुसरं काहीही असेल तर छाप, 'विचारा'. अकरातल्या आठ पट्ट्या तशा निघाल्या. त्या मी हातानं लिहिल्या.

साखर |

अकराला चार मिनिटं.

"तिसरी पट्टी?" खाला म्हणाल्या.

"शेवटची. तुमच्या कागदावर डॉक्टरांनी डावाच लिहिलाय. जवळा बाजारात कागद आहे, वाचून घेतला."

"मशीन काय म्हणतंय?"

"डावाच म्हणतंय."

"सकाळी तर..."

"सकाळी माझं चुकलं होतं."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि पट्टी भुवईच्या वर लावली. अंगठ्यानं दाबली. सिस्टर बाटलीचं झाकण काढत वाकल्या.

खालांनी माझं मनगट धरलं.

"बेटा, तू माझ्याकडं तोंड करून बसली. हा माझा उजवा."

माझा डावा हात, त्यांचा उजवा डोळा. मी पट्टी सोलली, दोन केस तुटले. हात तसाच हवेत राहिला, कुठं जायचं ते त्याला सुचेना. खालांनी तो स्वतःच दुसऱ्या बाजूला नेला आणि आपल्या भुवईवर टेकवला.

"इथं," त्या म्हणाल्या. "दाब."