तांब्यावरचा पोचा

माझे कातडे दोनदा बदलले, पण तांबे पहिलेच आहे. मित्रांनो, मी बाबिलोनच्या मंदिरातला एक जुना नगारा आहे. काळ्या बैलाचे कातडे माझ्या तोंडावर ताणले आणि मला एकच काम दिले. सूर्य झाकोळू लागला की वाजायचे, आणि तो पूर्ण गोल होईपर्यंत थांबायचे नाही.

मला वाजवण्याचा मान इकीशाचा. दुसऱ्या कोणी मला हात लावायचा नाही, असा नियम होता. दर महिन्याला तो माझ्या कातड्यात तिळाचे तेल जिरवी. तेल त्याची बायको कश्शाया दारापर्यंत आणून देई.

"मला कधी एवढं तेल चोळलंत का हो?" ती म्हणे.

"तू थोडीच तडकणार आहेस?" तो हसे.

मग ती तापाने अंथरुणाला खिळली. इकीशा तिच्या उशाशी बसू लागला. दोन महिने मला तेल मिळाले नाही. मला राग आला नाही, पण कातडे सुकत गेले.

एका दुपारी सूर्याची कड काळी पडली. माणसे डोक्यावरून वस्त्रे ओढून रडू लागली. इकीशा धावत आला आणि वाजवू लागला. तेवढ्यात त्याची शेजारीण दाराशी येऊन ओरडली, "अरे इकीशा, तिला धाप लागलीय! तुलाच विचारतेय. चल लवकर!"

हात न थांबवता त्याने थोरल्या पुजाऱ्याकडे पाहिले.

"जा की," पुजारी म्हणाला. "सूर्य नाही आला परत, तर घरोघरी तूच सांग, बायकोला बघायला गेलो होतो म्हणून."

इकीशा गेला नाही. शेजारीण एकटीच परतली.

उजेड राखेसारखा झाला. पक्षी मुके झाले. शेवटची कडही बुडाली आणि भर दुपारी तारे दिसले. नेमके तेव्हाच माझे कातडे टर्रकन फाटले.

सगळीकडे शांतता पसरली. कोणी रडतही नव्हते. इकीशाने मला उलटे पाडले आणि टिपरूने उघड्या तांब्यावर घाव घालू लागला. मला पोचा पडला. घाव पडतच राहिले. सूर्याची बारीक कड उजळली, लोक ओरडले, तरी गोल पूर्ण होईपर्यंत तो थांबला नाही. मग तो घराकडे पळाला.

पुढचे शेजारणीने मंदिराच्या दारात रडत सांगितले. आवाज बंद पडला तेव्हा कश्शाया म्हणाली होती, "संपलं वाटतं. आता येतील." ती दाराकडे बघत राहिली. मग तांबे वाजू लागले. "अजून नाही," म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

इकीशाने मला पुन्हा वाजवले नाही. मी फाटक्या तोंडाने कोठीत पडून राहिलो. काही वर्षांनी सूर्य पुन्हा अर्धा झाकला गेला. नव्या नगाऱ्यासाठी हवा तसा निष्कलंक काळा बैल अजून सापडला नव्हता. इकीशा माझ्याजवळ येऊन बसला. पोच्यावर हात ठेवून तो दारातून बघत राहिला. कोणीच काही वाजवले नाही.

सूर्य आपला आपण परत आला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना वेळेवर तेल लावा. पण घरातून हाक आली, तर आम्हाला तिथेच टाकून उठा.